घर सोडायचे की दारे लावून आत थांबायचे?

अणुवीज केंद्राच्या परिसरातील आपत्कालीन नियोजनाविषयी या सदराकडे मुंबईतील वाचकांची बरीच पत्रे आली. त्यांपैकी पाच पत्रांतील प्रश्न थोडक्यात देऊन त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. पहिल्या पत्राला अधिक जागा दिली आहे, कारण या विषयातील सर्वांत अवघड बाब त्या पत्रात आली आहे.

प्रश्न : माझे माहेर पालघर जिल्ह्यातील चिंचणीचे. आई एक्क्याऐंशी वर्षांची असून अर्धांगवायूमुळे अंथरुणाला खिळलेली आहे. भाऊ बोईसरच्या कारखान्यात पाळीवर असतो. तारापूरच्या केंद्रात काही विपरीत घडले, तर आईला कोण हलवणार? आम्ही येथून लगेच गाडी घेऊन निघावे का? (एक वाचक, बोरिवली)

उत्तर : गाव रिकामे करण्याच्या कोणत्याही आराखड्याची परीक्षा आपल्या आईसारख्या माणसांपाशी होते. धडधाकट माणूस भोंगा वाजला की चालत तरी निघतो. आराखडा खरा लागतो तो ज्यांना उठता येत नाही त्यांच्यासाठी. म्हणून आधी निर्णय कोण घेतो ते सांगतो आणि मग आईंकडे येतो.

तारापूरला १९६९ साली सुरू झालेल्या दोन आणि २००५-०६ मध्ये सुरू झालेल्या, प्रत्येकी ५४० मेगावॉटच्या दोन अशा चार अणुभट्ट्या आहेत. आपल्याकडील नियोजनानुसार आणीबाणीच्या तीन पायऱ्या मानल्या जातात. पहिली केंद्राच्या इमारतीपुरती, दुसरी आवारापुरती आणि तिसरी आवाराबाहेरची. पहिल्या दोन केंद्राचे प्रमुख जाहीर करतात. तिसरी मात्र त्यांच्या शिफारशीवरून जिल्हाधिकारी जाहीर करतात, आणि त्या क्षणापासून आवाराबाहेरच्या कामाचे प्रमुखपद जिल्हाधिकाऱ्यांकडे येते. म्हणजे चिंचणीचे दार वाजवणारा माणूस केंद्राचा अभियंता नसतो, तर तलाठी, पोलीस पाटील, ग्रामसेवक किंवा आशा सेविका असते. दवंडी पिटण्यापासून एसटीच्या गाड्या आणण्यापर्यंतची कामे महसूल, पोलीस, आरोग्य आणि परिवहन या नेहमीच्याच खात्यांना करायची असतात.

क्षेत्रांची आखणीही ठरलेली आहे. केंद्राभोवतीच्या साधारण दीड किलोमीटरमध्ये वस्ती नसते, पाच किलोमीटरपर्यंत नवी वाढ मर्यादित ठेवली जाते आणि सोळा किलोमीटरपर्यंतचे क्षेत्र आपत्कालीन नियोजनाचे मानले जाते. चिंचणी आणि बोईसर ही दोन्ही गावे या सोळा किलोमीटरांच्या आत येतात. हे वर्तुळ सोळा पाकळ्यांमध्ये विभागलेले असते, आणि ही विभागणी समजून घेणे महत्त्वाचे आहे, कारण किरणोत्सारी वायू बाहेर पडलाच तर तो चारी दिशांना सारखा पसरत नाही. वारा ज्या पाकळीवरून वाहत असेल, त्या आणि तिच्या शेजारच्या पाकळ्यांवरून तो जातो. आपल्या किनाऱ्यावर दिवसा खारे वारे समुद्राकडून जमिनीकडे आणि रात्री मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे वाहतात, हे आपण शाळेत शिकलो. तारापूरला तेच शालेय ज्ञान कामाचे आहे. दुपारी ज्या गावाला हलवावे लागेल, त्याच गावाला पहाटे हलवण्याची गरज पडणार नाही, असे होऊ शकते. त्यामुळे कोणत्या गावाने केव्हा निघायचे हे नकाशावर आधी लिहून ठेवता येत नाही, त्या वेळच्या वाऱ्यावर आणि मोजमापांवर ते ठरते. नकाशावर आधी लिहून ठेवता येतात ते रस्ते, गाड्या, निवारा केंद्रे आणि माणसांची नावे.

दिशेकडे दुर्लक्ष झाले तर काय होते, हे जपानमध्ये दिसले. ११ मार्च २०११ रोजी फुकुशिमा दाईची केंद्रावर त्सुनामी आल्यानंतर त्या रात्री पावणेनऊच्या सुमारास दोन किलोमीटर परिघातील, अर्ध्या तासाने तीन, दुसऱ्या दिवशी पहाटे दहा आणि संध्याकाळी वीस किलोमीटर परिघातील लोकांना बाहेर पडायला सांगण्यात आले. काही कुटुंबांना एका दिवसात दोन-तीनदा मुक्काम बदलावा लागला. नामिए गावातील अनेक लोक वायव्येकडील त्सुशिमा भागात जाऊन थांबले आणि पुढे किरणोत्सारी ढग नेमका त्याच दिशेने गेला. ढगाच्या वाटचालीचे अंदाज सरकारी यंत्रणेकडे होते, परंतु ते या लोकांपर्यंत पोहोचले नाहीत.

आता आईंविषयी. त्याच दुर्घटनेत केंद्रापासून साधारण साडेचार किलोमीटरवरील एका रुग्णालयातील अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांना बसमध्ये बसवून दहा तासांहून अधिक काळ फिरवावे लागले. त्या परिसरातील रुग्णालये आणि वृद्धांच्या संस्था यांमधून हलवलेल्यांपैकी पन्नासच्या आसपास रुग्ण प्रवासात किंवा त्यानंतर लवकरच दगावले. त्यांचा जीव किरणोत्सर्गाने गेला नाही. थंडी, पाण्याची कमतरता आणि तुटलेले उपचार यांनी तो गेला. यावरून जगभरच्या नियोजकांनी घेतलेला बोध असा, की अशा रुग्णाला परिचारिका, औषधे आणि झोपून नेण्याची सोय यांवाचून हलवू नये. ती सोय होईपर्यंत त्याला पक्क्या इमारतीत, दारे-खिडक्या बंद करून ठेवणे बहुतेक वेळा अधिक सुरक्षित असते.

काही वर्षांपूर्वी एका अणुवीज केंद्राजवळच्या गावातील तालमीला मी निरीक्षक म्हणून उपस्थित होतो. गाडी वेळेवर आली, तलाठ्याच्या हातात घरवार यादी होती, सारे नीट चालले होते. मग एक वृद्धा गाडीपाशी आल्या. एसटीची पहिली पायरी जमिनीपासून किती उंच असते, हे त्या दिवशी मला प्रथमच कळले. त्यांचा पाय तेवढा उचलला जाईना. शाळेतून लाकडी खुर्ची आणली, ती पायरीपाशी लावली, दोघांनी दंड धरले आणि एकाने आतून हात दिला. एका माणसाला चढवायला सात मिनिटे लागली. मागे अशी आणखी पाच माणसे उभी होती. आराखड्यात त्या थांब्याला एकूण वीस मिनिटे धरलेली होती. तेव्हापासून कोणत्याही आराखड्यात मी आधी ही खुर्ची शोधतो.

आपल्या हाती आज करण्यासारखे काम मोठे नाही, पण नेमके आहे. चिंचणीच्या ग्रामपंचायतीत आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात आईंचे नाव 'स्वतः हलू न शकणारे' म्हणून नोंदवले आहे का ते विचारा, आणि नसेल तर लेखी अर्ज देऊन नोंदवा. त्यांच्या औषधांची चिठ्ठी आणि आठवड्याची औषधे एका पिशवीत, शेजाऱ्यांना ठाऊक असेल अशा जागी ठेवा. भाऊ पाळीवर असताना आईंपाशी कोण थांबेल, हे एका शेजाऱ्याशी नाव घेऊन ठरवा. आवाराबाहेरच्या आणीबाणीची तालीम दोन वर्षांतून एकदा घेतली जाते. पुढची तालीम होईल तेव्हा आपल्या गल्लीत रुग्णवाहिका येऊन वळते का, हे पाहण्याची मागणी भावाने करावी.

बोरिवलीहून गाडी काढून मात्र निघू नका. आपली तळमळ मला समजते, आणि हे लिहिताना मला जड जाते. परंतु बोईसरहून महामार्गाकडे येणारा चिल्हारचा रस्ता त्या वेळी बाहेर पडणाऱ्या गाड्यांसाठी मोकळा ठेवावा लागेल, आणि मुंबईहून आत शिरणारी प्रत्येक गाडी कोणाच्या तरी आईच्या रुग्णवाहिकेपुढे उभी राहील. निवारा केंद्र कोठे आहे ते फोनवरून विचारून घ्या आणि तेथे जा.

प्रश्न : आम्ही चेंबूरला राहतो. जवळच तुर्भ्याला (ट्रॉम्बेला) अणुसंशोधन केंद्र आहे. मुलगा देवनारच्या शाळेत जातो. आम्हाला कधी कोणी काही सांगितलेले नाही. पिशवी भरून ठेवावी का? (एक वाचक, चेंबूर)

उत्तर : प्रथम प्रमाणाचे भान ठेवू या. भाभा अणुसंशोधन केंद्रातील अणुभट्ट्या वीज निर्माण करण्यासाठी नाहीत. १९६० सालची सायरस भट्टी २०१० च्या अखेरीस बंद झाली. १९८५ पासूनची ध्रुव ही मोठी भट्टी १०० मेगावॉट उष्णतेची आहे, तर तारापूरच्या ५४० मेगावॉट विजेच्या एका भट्टीत त्या विजेच्या साधारण तिप्पट उष्णता निर्माण होते. अपघातात बाहेर पडू शकणाऱ्या द्रव्यांचा साठा ढोबळपणे या उष्णतेच्या प्रमाणात असतो. म्हणून तारापूरचे सोळा किलोमीटर जसेच्या तसे उचलून तुर्भ्याभोवती लावणे बरोबर नाही. तसे केले तर पूर्व उपनगरे आणि नवी मुंबई रिकामी करण्याचा विचार करावा लागेल, आणि त्यातून होणारी हानी टाळलेल्या हानीपेक्षा कितीतरी मोठी असेल.

असे असले तरी, आपल्याला कोणी काही सांगितले नाही, ही आपली तक्रार मला पूर्ण मान्य आहे. २००० सालापासून या केंद्राच्या सुरक्षेची देखरेख अणुऊर्जा नियामक मंडळाकडे नसून केंद्राच्या अंतर्गत यंत्रणेकडे आहे. गुप्ततेची कारणे काहीही असोत, भोंगा वाजल्यावर शेजाऱ्याने काय करायचे यात गुप्त ठेवण्यासारखे काही नाही. चेंबूर, मानखुर्द, गोवंडी आणि तुर्भे येथील प्रत्येक घरात ती माहिती एका पानावर, मराठी, हिंदी आणि उर्दूत पोहोचायला हवी, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्या भागात करायची मुख्य गोष्ट आहे आत जाणे. पक्क्या घरात शिरा, दारे-खिडक्या लावा, वातानुकूलन यंत्र आणि स्वयंपाकघरातला हवा बाहेर फेकणारा पंखा बंद करा, दाराखालच्या फटीत ओला पंचा सरकवा आणि घराच्या मधल्या खोलीत बसा. बाहेरून आलेल्याने वरचे कपडे दारातच काढून प्लास्टिकच्या पिशवीत बांधावेत आणि साबणाने अंघोळ करावी; अंगावर बसलेली बहुतेक धूळ कपड्यांबरोबरच जाते. ढगातून येणारा मारा विटांच्या घरात साधारण चाळीस टक्क्यांनी कमी होतो आणि मोठ्या इमारतीच्या आतल्या भागात ऐंशी टक्क्यांनी किंवा त्याहूनही अधिक. कारण साधे आहे. भिंत जितकी जाड आणि जड, तितके किरण अडतात, आणि खिडकी जितकी घट्ट, तितकी बाहेरची हवा आत उशिरा येते. ढग पुढे गेल्यानंतर मात्र खिडक्या उघडून घर हवेशीर करायचे असते, म्हणून आकाशवाणी किंवा पालिकेची सूचना ऐकत राहावी लागते.

येथे एक गोष्ट मला सतत टोचते. हा उपाय आपल्या काँक्रीटच्या इमारतीत लागू पडतो, पण गोवंडीच्या शिवाजीनगरमधील पत्र्याच्या खोलीत त्याचा फारसा उपयोग नाही. पत्रा किरण अडवत नाही आणि फटी बुजवायच्या तर त्या किती बुजवणार? त्या वस्तीसाठी कोणत्या पालिका शाळेचे कोणते मजले उघडायचे आणि किल्ली कोणाकडे असेल, हे आधी लिहिलेले नसेल, तर 'घरातच थांबा' ही सूचना शहरातल्या ठरावीक लोकांसाठीच ठरते.

मुलाला आणायला धावू नका, हे सांगणे सोपे आणि पाळणे कठीण आहे. २६ जुलै २००५ आठवा. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. जी मुले शाळेतच रात्रभर थांबली ती सकाळी सुखरूप घरी आली, आणि काही माणसे मात्र पाण्यात अडकलेल्या गाड्यांमध्ये गुदमरून गेली. शाळेची इमारत पक्की असते आणि शिक्षक सोबत असतात. शाळेकडे अशा प्रसंगासाठी लेखी व्यवस्था आहे का, हे पालकसभेत विचारा. माहुलमधील एका तेलशुद्धीकरण कारखान्यात ८ ऑगस्ट २०१८ रोजी झालेल्या स्फोटाचा हादरा चेंबूरमध्ये अनेकांना जाणवला होता. रसायन असो वा किरणोत्सर्ग, पहिल्या तासाचे नियम जवळपास सारखेच आहेत, त्यामुळे ही तयारी वाया जाणार नाही. पिशवी भरून ठेवण्यास हरकत नाही, पण ती घरात दोन दिवस काढण्यासाठी भरा. तिच्यात पिण्याचे पाणी, कोरडा खाऊ, औषधे, बॅटरी आणि कागदपत्रे असावीत. पालिकेच्या आपत्कालीन कक्षाचा १९१६ हा क्रमांक दाराजवळ लिहून ठेवा.

प्रश्न : आयोडीनच्या गोळ्या आधीच आणून ठेवाव्यात का? नाहीतर आयोडीनयुक्त मीठ जास्त खाल्ले तर चालेल का? (एक वाचक, दादर)

उत्तर : मीठ चालणार नाही. प्रौढ माणसाला लागणारी पोटॅशियम आयोडाइडची मात्रा १३० मिलिग्रॅमची असते आणि तिच्यात १०० मिलिग्रॅम आयोडीन असते. घरी येणाऱ्या मिठात किलोमागे किमान १५ मिलिग्रॅम आयोडीन असावे असा नियम आहे. म्हणजे एका गोळीइतके आयोडीन मिळवायला सहा किलोंहून अधिक मीठ खावे लागेल, आणि त्याआधीच माणूस दगावेल. मार्च २०११ मध्ये चीनमधील लोकांनी मिठासाठी दुकानांपुढे रांगा लावल्या होत्या, त्यातून निष्पन्न काहीच झाले नाही. जखमेवर लावायचे आयोडीन तर चुकूनही पोटात घेऊ नये.

गोळीचे काम मर्यादित आहे. गळ्यातील थायरॉइड ग्रंथी आयोडीन शोषून घेते. तिला साधे आयोडीन आधी भरपूर दिले, की आठ दिवसांचे अर्धायुष्य असलेले, म्हणजे दर आठ दिवसांनी निम्मे होत जाणारे, किरणोत्सारी आयोडीन-१३१ तिच्यात फारसे शिरत नाही. सिझियम किंवा इतर किरणोत्सारी द्रव्यांवर या गोळीचा परिणाम होत नाही. ढग येण्याच्या आधीच्या चोवीस तासांत किंवा तो आल्यानंतर दोन तासांच्या आत ती घेतली तर उत्तम. आठ तासांपर्यंतही काही उपयोग होतो, त्यानंतर तो झपाट्याने घटतो. लहान मुले, गर्भवती आणि अंगावर पाजणाऱ्या माता यांना ती आधी द्यायची, चाळिशीनंतर तिचा लाभ कमी होतो. मुलांची मात्रा वयाप्रमाणे कमी असते, आणि थायरॉइडचा विकार असलेल्यांना ती बाधू शकते. म्हणून आरोग्य विभागाने सांगितल्यावाचून ती घेऊ नये. दादरला बसून ती स्वतःच्या मनाने घेण्याचे काहीच कारण नाही.

मुलांच्या थायरॉइडसाठी दूध अधिक महत्त्वाचे आहे. चेर्नोबिलच्या अणुवीज केंद्रातील दुर्घटनेनंतर हजारो मुलांना थायरॉइडचा कर्करोग झाला, त्याचे प्रमुख कारण किरणोत्सारी आयोडीन पडलेल्या गवतावर चरलेल्या गायींचे दूध हे होते. ते दूध वेळीच थांबवले असते तर त्यांतील पुष्कळ मुले या आजारापासून वाचली असती. तारापूरच्या बाबतीत दूध, पालेभाज्या आणि डहाणू-घोलवडचे चिकू यांच्यावरील निर्बंध सोळा किलोमीटरांच्या बाहेरही लागू होऊ शकतात, आणि मुंबईकरांचा या प्रश्नाशी थेट संबंध येईल तो बहुधा याच वाटेने.

प्रश्न : मी आमच्या गृहनिर्माण संस्थेचा सचिव आहे. तारापूरला काही झाले तर मुंबईही रिकामी करावी लागेल, असे सभासद म्हणतात. संस्थेने काय तयारी ठेवावी? (एक वाचक, कांदिवली)

उत्तर : तारापूर मुंबईच्या उत्तरेला सुमारे शंभर किलोमीटरवर आहे. एवढ्या अंतरावरील महानगर रिकामे करण्याची वेळ येईल असे मानून तयारी करण्याची गरज नाही. धोका आहे तो न सांगता निघालेल्या गर्दीचा. अमेरिकेतील थ्री माइल आयलंड येथील अणुवीज केंद्रात मार्च १९७९ मध्ये अपघात झाला, तेव्हा राज्यपालांनी आठ किलोमीटरमधील गर्भवती स्त्रिया आणि लहान मुले यांनीच निघावे असा सल्ला दिला होता. असे लोक काही हजार होते. प्रत्यक्षात सुमारे १,४४,००० माणसे घर सोडून गेली. आपल्याकडे असे झाले तर महामार्ग भरून जाईल आणि ज्यांना खरोखर निघायचे आहे तेच अडकतील.

आपल्या संस्थेवर येणारी जबाबदारी बहुधा पाहुण्यांची असेल. कांदिवली ते विरार या पट्ट्यात पालघर जिल्ह्यातील कुटुंबांचे असंख्य नातेवाईक राहतात आणि तेथून निघालेली माणसे निवारा केंद्राऐवजी त्यांच्याकडेच येतील. जपानमध्ये फुकुशिमाहून आलेल्या लोकांना काही ठिकाणी घरे भाड्याने मिळाली नाहीत, त्यांच्या मुलांना शाळेत त्रास देण्यात आला. किरणोत्सर्ग सर्दीसारखा एकाकडून दुसऱ्याला लागत नाही. तपासणी होऊन, कपडे बदलून आणि अंघोळ करून आलेल्या माणसाच्या शेजारी बसण्यात किंवा त्याला जेवू घालण्यात कोणताही धोका नाही. संस्थेने एक साधा ठराव आजच करून ठेवावा, की अशा वेळी कोणत्याही सभासदाच्या पाहुण्याला फाटकावर अडवले जाणार नाही, आणि तो ठराव रखवालदारांनाही वाचून दाखवावा.

प्रश्न : आमची बोट मढहून निघून पालघरच्या किनाऱ्यासमोर मासेमारी करते. समुद्रात आमचा विचार कोण करते? (एक वाचक, मढ)

उत्तर : केंद्राच्या पश्चिमेकडील पाकळ्या समुद्रावर येतात, त्यामुळे आराखड्यात बोटींची जबाबदारी नावानिशी लिहिलेली असायला हवी. त्यात मत्स्यव्यवसाय विभाग, तटरक्षक दल आणि मच्छीमार सहकारी संस्था या तिघांचीही गरज आहे, कारण गावातली दवंडी समुद्रावर ऐकू येत नाही. बोटीवरील बिनतारी संच सुरू ठेवा. सूचना मिळाली तर ढगाच्या पुढे पळण्याचा प्रयत्न न करता वाऱ्याला आडवे जाऊन बाजूला व्हा. केंद्राजवळ ढगाचा पट्टा अरुंद असतो आणि आडवे गेल्यास त्यातून लवकर बाहेर पडता येते. रात्री मतलई वारा सुटलेला असताना हे विशेष लक्षात ठेवावे, कारण तेव्हा तो तुमच्याच दिशेने येत असेल. तोंडावर ओला रुमाल बांधा, पकडलेली मासळी झाकून ठेवा आणि कोणत्या बंदरात लागायचे हे विचारल्याशिवाय किनाऱ्याकडे वळू नका.